समासातले शेरे : दूरशिक्षणातून इंग्रजी साहित्याची पदवी

इंग्रजी साहित्यातील पदवीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम मी दूरशिक्षण पद्धतीने नुकताच पूर्ण केला. नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी केलेल्या या अभ्यासातून पदरात काय पडले आणि कशाची उणीव राहिली, हे प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांना नेमकेपणाने कळावे, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. मला जाणवलेल्या त्रुटी इतर संस्थांतून शिकलेल्या परिचितांनीही जवळपास त्याच शब्दांत सांगितल्या आहेत. त्यामुळे त्या कोणा एकाच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. तीन वर्षांत एक गोष्ट मात्र मला पक्की कळली: साहित्याच्या दूरशिक्षणात वर्ग भरतो तो तपासून आलेल्या स्वाध्यायाच्या समासात. तिथे शिक्षक भेटत असेल, तर बाकीच्या पुष्कळ गैरसोयी सोसता येतात. तिथे कोणीच नसेल, तर सुबक छापलेली पुस्तकेही फार काळ साथ देत नाहीत.

हे असे का, ते समजून घेण्यासाठी या शिक्षणाच्या दोन जुन्या घराण्यांकडे पाहावे लागते. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा मान्यताप्राप्त महाविद्यालयांत न गेलेल्यांनाही खुल्या केल्या. कुठेही राहा, कसाही अभ्यास करा, परीक्षेला बसा आणि उत्तीर्ण झालात तर पदवी घ्या, अशी ती व्यवस्था होती. एरवी विद्यापीठाची पायरी चढू न शकणाऱ्या कितीतरी लोकांना तिने वाट करून दिली, परंतु शिकवण्याची जबाबदारी तिने घेतलेली नव्हती. पुढे ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा टपालाने येणारे पाठ, रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम आणि विद्यार्थ्याचा स्वाध्याय वाचून त्यावर लेखी अभिप्राय देणारा शिक्षक, या साऱ्यांची सांगड घालण्यात आली. आजचे बहुतेक अभ्यासक्रम स्वतःला या दुसऱ्या घराण्यातले म्हणवतात. माझ्या अभ्यासक्रमातील काही पेपर खरोखरच तसे होते; काही पेपरांत मात्र सुरुवातीला पुस्तके घरी आली आणि शेवटी परीक्षा झाली, यापलीकडे काहीही घडले नाही. शुल्क दोन्हींचे सारखेच होते.

अभ्यास साहित्याबद्दल आधी चांगले सांगते, कारण चांगले खरोखरच पुष्कळ आहे. एकट्याने शिकणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त गरज असते ती रस्ता कुठून कुठे जातो हे कळण्याची. चौदाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतचा हा लांबचा पल्ला लहान लहान घटकांत विभागलेला होता. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला त्या काळाची दोन-तीन पानी ओळख होती, आणि कोणत्या लेखनाच्या आधी काय घडले होते, हे दाखवणारे कालपट जागोजागी दिलेले होते. मी ते कालपट वहीत उतरवून घेतले आणि तिन्ही वर्षे वापरले.

त्याहूनही मोलाचे होते ते चॉसरचे ध्वनिमुद्रित वाचन. १४०० मध्ये निधन पावलेल्या या कवीची इंग्रजी कागदावर पाहिली की आजच्या इंग्रजीचे अशुद्ध लेखन वाटते, आणि आजचे उच्चार लावून वाचली तर तिची लय पार मोडते. ध्वनिमुद्रणासोबतच्या टिपणात समजावले होते, की शब्दाच्या शेवटी येणारा ‘ई’, जो आज मुका आहे, तो त्या काळी बऱ्याच ठिकाणी उच्चारला जाई, आणि ‘नाइट’ या शब्दाचे लेखन ज्या अक्षराने सुरू होते ते ‘के’ तसेच मधले ‘जी-एच’ही जिभेवर येत असे. मी एका ओळीतील अक्षरावयव आजच्या उच्चाराने मोजले, ते आठ भरले. मग शेवटचे ‘ई’ धरून मोजले, तेव्हा दहा भरले आणि ओळ आपोआप चालू लागली. ही गोष्ट कोणत्याही छापील पानावरून मला कळली नसती. ते ध्वनिमुद्रण मी स्वयंपाक करताना, प्रवासात, झोपण्यापूर्वी इतक्यांदा ऐकले की परीक्षेत छंदावरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना तो आवाज कानात होता.

या साहित्याचा दोष त्याच्या मांडणीत आहे, आणि तो लहान नाही. कविता समोर येण्याआधीच तिचा आशय सांगितला जातो. घटक उघडला की पहिल्या पानावर कवीचे चरित्र, दुसऱ्यावर कवितेचा सारांश, तिसऱ्यावर तिची ‘वैशिष्ट्ये’, आणि मूळ कविता शेवटी, परिशिष्टात, बारीक टंकात. कवितेपर्यंत पोहोचेपर्यंत वाचकाने तिच्याविषयी काय म्हणायचे ते ठरून गेलेले असते. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांच्या हाती कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय मागवले, आणि ते अभिप्राय व त्यांचे विश्लेषण १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. नावाचा आधार काढून घेतल्यावर शिकलेसवरलेले वाचकही किती चाचपडतात, हे त्यातून दिसले. ते चाचपडणे हाच साहित्याच्या अभ्यासाचा आरंभ आहे, असे मी मानते. घरी एकट्याने बसून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची संधी खरे तर वर्गातल्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त असते, कारण त्याच्या आधी हात वर करून उत्तर देणारे कोणी नसते. ती संधी आमचे अभ्यास साहित्य घटकागणिक हिरावून घेत होते. दुसऱ्या वर्षापासून मी एक नियम केला: परिशिष्ट आधी वाचायचे, त्यावर पानभर स्वतःचे लिहायचे, आणि मगच घटकाचे पहिले पान उलटायचे. ज्या दिवशी हा नियम पाळला त्या दिवसाचे वाचन आजही आठवते.

आता स्वाध्यायांकडे वळते. पहिल्या वर्षी वर्ड्सवर्थने १८०० साली आपल्या व कोलरिजच्या संयुक्त संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेवर मला दीड हजार शब्दांचा निबंध लिहायचा होता. काव्याची भाषा सामान्य माणसाच्या बोलण्याजवळची असावी हा वर्ड्सवर्थचा आग्रह आणि त्याच्या स्वतःच्या कवितांतील भाषा यांत मला ताण दिसला होता, आणि तो नीट मांडता येत नव्हता. तीन आठवडे मी त्या निबंधाशी झगडले. पाच महिन्यांनी तो परत आला तेव्हा पहिल्या पानावर गुण होते आणि शेवटच्या पानावर ‘चांगला प्रयत्न’ हे दोन शब्द. मधली सहा पाने कोरी होती. त्या पेपरची परीक्षा तोवर होऊन गेली होती. गुण वाईट नव्हते, तरी मला त्या दिवशी वाटलेले वाईट अजून विसरता आलेले नाही, कारण माझे वाक्य बरोबर होते की चूक, हे सांगणारे दुसरे कोणी माझ्याजवळ नव्हते.

दुसऱ्या वर्षी याच्या अगदी उलट अनुभव आला. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीवरील स्वाध्यायात मी असे प्रतिपादन केले होते, की या कथेत कुटुंब हे रक्ताच्या नात्यांचे बंदिस्त वर्तुळ आहे: व्हिक्टर ज्या एलिझाबेथशी लग्न करतो ती त्याच्या सख्ख्या आत्याची मुलगी, आणि त्याने घडवलेल्या जिवाला मात्र कोणतेच रक्ताचे नाते नाही, म्हणून तो वर्तुळाबाहेर राहतो. मांडणी मला स्वतःला फार पटलेली होती. स्वाध्याय तीन आठवड्यांत परत आला. त्या परिच्छेदाशेजारी शिक्षकांनी शिसपेन्सिलीने उभी रेघ ओढून लिहिले होते: ‘हे विधान कोणत्या आवृत्तीबद्दल आहे? १८३१ ची आवृत्ती मिळवा, पहिले प्रकरण वाचा आणि हा परिच्छेद पुन्हा लिहा.’

मी ती आवृत्ती मिळवली. कादंबरी प्रथम १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय तीन खंडांत प्रसिद्ध झाली होती, आणि १८३१ मध्ये लेखिकेने ती बरीच सुधारून, प्रस्तावना जोडून, एका खंडात पुन्हा आणली. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ आत्याची मुलगी आहे. दुसरीत ती रक्ताच्या नात्यातली नाहीच. व्हिक्टरच्या आईला ती इटलीतील एका गरीब शेतकऱ्याच्या घरी सापडते. त्या घरातली इतर चार मुले काळ्या डोळ्यांची, रांगडी. ही एकटी गोरी आणि सोनेरी केसांची. तिच्याकडे पाहताक्षणी त्या बाईचे मन तिच्यावर जडते आणि ती मुलीला घरी घेऊन येते. म्हणजे या आवृत्तीत कुटुंबाचे दार परक्यासाठी उघडते. ते उघडते चेहरा पाहून. आणि चेहरा पाहूनच ते त्या दुसऱ्या परक्यासाठी कायमचे बंद राहते. माझे मूळ विधान कोसळले, पण त्याच्या जागी जे हाती आले ते कितीतरी अधिक चांगले होते. परिच्छेद लिहायचा म्हणून बसले आणि चार पाने लिहून झाली. पेन्सिलीच्या त्या एका ओळीने मला जे शिकवले, ते त्या वर्षीच्या उरलेल्या सगळ्या साहित्याने मिळून शिकवले नाही, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकते.

याच प्रसंगातून एक तक्रारही निघते. आमच्या घटकातला सारांश १८३१ च्या आवृत्तीवरून केलेला होता, तर त्याच घटकात मोफत वाचनासाठी दिलेला दुवा १८१८ च्या आवृत्तीचा होता, आणि दोन आवृत्त्या आहेत याचा उल्लेख कुठेही नव्हता. पहिलीत प्रत्येक खंडाची प्रकरणे नव्याने क्रमांकित आहेत, दुसरीत २४ प्रकरणे सलग आहेत. त्यामुळे घटकातील प्रकरण क्रमांक वाचकाच्या हातातील पाठाशी जुळत नाहीत. वर्गात असा गोंधळ एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाने पाच मिनिटांत मिटतो. घरी बसलेला विद्यार्थी मात्र चूक आपलीच आहे असे धरून चालतो. दूरशिक्षणाचे साहित्य तयार करणाऱ्यांनी प्रत्येक ग्रंथाची आवृत्ती स्पष्ट नोंदवणे हे कर्तव्य मानले पाहिजे, कारण त्यांच्या वाचकाला विचारायला दुसरे कोणी नसते.

संपर्क सत्रांबद्दल थोडक्यातच लिहिते. वर्षातून मोजकी सत्रे होती, त्यांतील निम्मी ऑनलाइन. एका दिवसात चार घटक ‘पूर्ण’ करण्याची घाई असे, आणि बहुतेक वेळ परीक्षेत काय येऊ शकते यावर जाई. एका नाटकाच्या सत्रात मात्र शिक्षिकेने सगळी टिपणे बाजूला ठेवायला सांगून एक प्रवेश आमच्याकडून भूमिका वाटून वाचून घेतला. कोण कोणाकडे पाहून बोलतो आहे, कोण नुसतेच ऐकतो आहे, हे तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आले, कारण एकट्याने नाटक वाचताना गप्प असलेली पात्रे नजरेतून निसटतात. अशी आणखी दोन सत्रे झाली असती, तर मी बाकीची सगळी सोडायला तयार होते.

त्या सत्रातच ओळख झालेल्या तिघांबरोबर मी पुढे फोनवरून वाचनगट चालवला. महिन्यातून एकदा आम्हांपैकी एक जण कवीचे नाव काढून एक कविता पाठवी. प्रत्येकाने कोणतेही पुस्तक न उघडता अर्धे पान लिहायचे आणि मग बोलायचे. शेक्सपिअरचे ७३ वे सुनीत आमच्यापैकी दोघांना नावाशिवायही ओळखू आले, तरी आम्ही ते घेतले. १६०९ मध्ये छापल्या गेलेल्या संग्रहातील या सुनीतात बोलणारा माणूस स्वतःची तुलना पानगळीतल्या झाडाशी, मग मावळत्या उजेडाशी आणि शेवटी विझत आलेल्या निखाऱ्याशी करतो. आमच्या घटकात त्याचा सारांश एका वाक्यात होता: वार्धक्य जवळ आल्यामुळे प्रेम अधिक दृढ होते. आम्ही अडकलो ते शेवटच्या ओळीतील ‘लीव्ह’ या क्रियापदापाशी. जाणार आहे तो बोलणारा; मग ‘सोडणे’ ही क्रिया ऐकणाऱ्याच्या नावावर का? एकाचे म्हणणे, इथे त्याचा अर्थ मुकणे एवढाच आहे. दुसरीला त्यात एक दबलेला आरोप ऐकू आला: मी मरण्याआधी तूच मला सोडशील. तिसऱ्याने दुसऱ्या ओळीतील पिवळ्या पानांकडे बोट दाखवले. पानांसाठीचा इंग्रजी शब्द आणि हे क्रियापद यांच्या ध्वनीतील जवळीक त्याच्या कानाने टिपली होती. पाऊण तास आम्ही एका शब्दावर बोलत होतो आणि शेवटी एकमत झाले नाही. इंग्रजी साहित्य शिकण्यासाठी मी प्रवेश घेतला होता तो याच पाऊण तासासाठी, असे मला त्या रात्री वाटले. विद्यापीठाने असे गट जुळवून देण्याची काहीही व्यवस्था केलेली नाही, ही माझी या अभ्यासक्रमाविषयीची सर्वांत मोठी खंत आहे. एकाच पेपरच्या विद्यार्थ्यांना, त्यांच्या संमतीने, चार-चारांच्या गटांत जोडून देणे फार खर्चाचे काम नाही.

ग्रंथालयाची सोय उत्तम आहे. घरबसल्या शोधनिबंधांची भांडारे उघडता येतात, आणि जुन्या ग्रंथांसाठी मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला प्रोजेक्ट गुटेनबर्गसारखा मोफत संग्रह उपलब्ध आहेच. अडचण येते ती विसाव्या शतकाच्या पुढच्या भागात: स्वामित्वहक्क असलेली पुस्तके विकत घ्यावी लागतात, आणि त्यांची यादी प्रवेशाच्या वेळी न देता पेपर सुरू झाल्यावर दिली जाते. ती आधी मागून घ्यावी. परीक्षांविषयी एवढेच म्हणते, की गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या आणि घटकांची पाठ केलेली वाक्ये उतरवली, तर मूळ ग्रंथ न वाचताही उत्तीर्ण होता येते. माझ्या ओळखीतल्या काहींनी तसे केले. त्यांच्यापुढे वेळेची जी अडचण होती ती मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण कादंबरी न वाचलेल्या माणसाला त्या कादंबरीवर प्रथम श्रेणीचे गुण देऊ शकणारी प्रश्नपत्रिका बदलली पाहिजे, हे मात्र ठामपणे सांगते.

हा अभ्यासक्रम कोणी घ्यावा? ज्याला रोज तासभर तरी मूळ ग्रंथ वाचता येईल आणि इंग्रजी वाक्य अडले तर शब्दकोश उघडण्याचा कंटाळा नाही, त्याने जरूर घ्यावा, इंग्रजी ही मातृभाषा नसली तरीही. संथ वाचण्याची सवय असलेल्या परभाषिक वाचकाला शब्दांचे कोपरे अनेकदा लवकर दिसतात, असा माझा अनुभव आहे. इंग्रजी बोलणे सुधारावे एवढ्याच हेतूने जो येईल, त्याची निराशा होईल. त्यासाठी हा मार्ग नाही. आणि शुल्क भरण्याआधी प्रत्येकाने माहितीपत्रक बाजूला ठेवून संस्थेला तीन प्रश्न विचारावेत: स्वाध्याय किती दिवसांत परत येतो, तो कोण तपासतो, आणि तपासलेल्या स्वाध्यायाचा एखादा नमुना पाहायला मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर मी असते तर तिथे प्रवेश घेतला नसता.

माझा शेवटचा स्वाध्याय गेल्या महिन्यात परत आला. शिक्षक तेच होते, पेन्सिलही तशीच. समासात सात शेरे आहेत. त्यांतील पाच मला मान्य आहेत. उरलेल्या दोन शेऱ्यांशी मी सहमत नाही, आणि का नाही ते मी दोन पाने भरून लिहिले आहे. विद्यापीठाच्या व्यवस्थेत विद्यार्थ्याने शेऱ्याला उत्तर पाठवण्याची जागाच नाही, म्हणून ती दोन पाने मी स्वाध्यायाला टाचून ठेवली आहेत.